अर्धं गिळून सोडलेलं यीस्ट

पहिल्या महिन्याच्या शेवटी माझ्या हाती आलेला निकाल असा होता: पेशीतलं अ‍ॅक्टिन हे प्रथिन मोडून टाकलं तरी ती यीस्ट खाते. लॅब मीटिंगमध्ये मी तो थाटात मांडला. एका बाजूला साध्या पेशींचा स्तंभ, शेजारी औषध दिलेल्या पेशींचा, दोघांच्या उंचीत जेमतेम फरक. एरर बारसुद्धा देखणे आले होते. मॅडमनी स्लाइडकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच विचारलं, "आत गेलंय की नुसतं चिकटलंय?"

मी काहीतरी पुटपुटले. खरं म्हणजे हा प्रश्न मला पडलाच नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसायची, तिच्यावर लालभडक यीस्ट दिसायचं, मी क्लिकर दाबायची. दोनशे पेशी मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा, पुढची स्लाइड. पेशीच्या वर बसलेलं यीस्ट आणि पेशीच्या आत गेलेलं यीस्ट वरून बघताना सारखंच दिसतं. ताटात असलेलं आणि पोटात गेलेलं मी एकाच रकान्यात मोजलं होतं.

प्रोजेक्टचा विषय ऐकायला सोपा होता. अमीबासारखी पेशी चालते तेव्हा पुढे छद्मपाद काढते. तीच पेशी खाते तेव्हा घासाभोवती वाटीसारखा पडदा उभा करते. दोन्हीकडे पेशीपटलाला आतून ढकलणारं प्रथिन एकच, अ‍ॅक्टिन. मग पेशी ते दोन कामांत वाटते कसं? एकाच वेळी चालता आणि गिळता येतं का? मला वाटलं होतं, चार महिन्यांत होईल. मॅडमना वाटलं होतं की मी निदान मोजायला तरी शिकेन.

आमची पेशी म्हणजे डिक्टिओस्टेलियम. लॅबमध्ये तिला सगळे डिक्टीच म्हणतात. केनेथ रेपर यांनी १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या जंगलाच्या कुजक्या पानांतून ती वेगळी केली. जंगलात ती जिवाणू खाऊन जगते. लॅबमधली आमची एएक्स२ ही जात मात्र जिवाणूंशिवाय, नुसतं पेप्टोन, यीस्टचा अर्क आणि ग्लुकोज घातलेलं माध्यम घोटाघोटानं पिऊन वाढते. जंगली जातीला हे नीट जमत नाही. लॅबमधल्या जातीत एनएफ१ नावाचं जनुक निकामी झालेलं आहे. एरवी ते रास या प्रथिनाला लगाम घालतं. लगाम गेल्यावर पेशीवर मोठमोठ्या वाट्या उठायला लागतात आणि प्रत्येक वाटीबरोबर बाहेरचा द्रव आत येतो, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. माणसात हेच जनुक बिघडलं की न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आजार होतो. म्हणजे जगभरच्या लॅब ज्या पेशीवर काम करतात ती मुळात एक खादाड उत्परिवर्तित पेशी आहे. हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं आणि आपण कोणाला 'साधी पेशी' म्हणतोय याबद्दल थोडी शंका आली.

तिला वाढवणं फार सोपं. बावीस अंश तापमान, शेकरवर फ्लास्क, कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर वगैरे लाड नाहीत. आकार दहा ते वीस मायक्रोमीटर. उष्णतेनं मारलेलं यीस्ट साधारण पाच मायक्रोमीटरचं, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा घास. आणि तो ती हात-तोंड-दात काही नसताना, काही मिनिटांत आत घेते.

अ‍ॅक्टिनबद्दल मला पाठ्यपुस्तकातलं येत होतं, पण ते स्नायूंचं होतं. मायोसिन ओढतं, अ‍ॅक्टिन सरकतं, स्नायू आखडतो. साहजिकच आहे, कारण हे प्रथिन सापडलंच स्नायूत, १९४२ मध्ये, हंगेरीतल्या सेगेद इथं सेंट-ग्योर्गी यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या श्ट्राउब यांना. स्नायू नसलेल्या जिवातून ते वेगळं करायला १९६६ उजाडलं. हातानो आणि ओसावा यांनी ते फायसरम या स्लाइम मोल्डमधून काढलं. मला जे शिकायचं होतं ते याच दुसऱ्या घराण्यातलं होतं. इथे मुख्य गंमत ओढण्यात नाही, रचण्यात आहे. अ‍ॅक्टिनचा एक रेणू ३७५ अमिनो आम्लांचा, जवळजवळ गोल. असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन सात नॅनोमीटर जाडीचा पिळदार तंतू होतो. तंतूची दोन टोकं वेगळ्या स्वभावाची. एका टोकाला रेणू भराभर जोडले जातात, दुसऱ्या टोकाकडून गळत राहतात. वाढतं टोक पेशीपटलाकडे तोंड करून असतं. पटल उष्णतेच्या थरथरीनं जरा पुढे सरकलं की मधल्या फटीत एक रेणू घुसतो आणि पटलाला मागे येता येत नाही.

एकदा बसमध्ये मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. प्रत्येक नव्या रेणूनं तंतू २.७ नॅनोमीटर लांबतो. डिक्टी भुकेली असताना मिनिटाला दहा मायक्रोमीटर सहज चालते. म्हणजे पुढच्या कडेच्या एकेका तंतूवर सेकंदाला साठच्या आसपास रेणू चढायला हवेत. आणि हे एका तंतूचं झालं. तिथे तंतूंचं झुडूप असतं: आर्प२/३ नावाचं सात प्रथिनांचं एक बांडगूळ जुन्या तंतूच्या अंगावर बसतं आणि तिथून सुमारे सत्तर अंशांत नवी फांदी फुटते. फांदीवर पुन्हा फांदी. मागच्या बाजूला कोफिलिन हे प्रथिन जुनं झुडूप तोडत असतं, कारण तोडलं नाही तर पुढे लावायला माल उरणार नाही. मग माझी उतरायची जागा मागे गेली हेही कळलं नाही.

वाटप हा शब्द मला तिथे नीट समजला. अ‍ॅक्टिनचा साठा मोठा असला तरी ठरलेला. ज्या जागी आर्प२/३ ला चेतवणारी प्रथिनं जमतात तिथे झुडूप वाढतं, बाकीच्या जागा ओस पडतात.

तर औषधाकडे येते. लॅट्रंक्युलिन हे तांबड्या समुद्रातल्या एका स्पंजपासून मिळतं. तो स्पंज पिळला की लालसर रस निघतो आणि आसपासचे मासे पळ काढतात. याच निरीक्षणावरून त्याचा माग लागला, आणि अ‍ॅक्टिनवर त्याचा परिणाम होतो हे १९८३ मध्ये स्पष्ट झालं. सुट्या रेणूला ते असं धरून ठेवतं की त्याला तंतूत शिरताच येत नाही. तोडायचं काम चालूच असतं, जोडायचं थांबतं, आणि थोड्या वेळात झुडपं विरून जातात.

आमच्याकडे ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं, पाच मिलिमोलरची बाटली. हजारपट पातळ केलं की पाच मायक्रोमोलर. पहिल्यांदा थेंब सोडला तेव्हा मी डोळा आयपीसवरून हलवला नाही. आधी पेशींच्या अंगावर नेहमीची लगबग होती: इकडून एक फुगवटा, तिकडून एक टोक, मागची शेपटी ओढत पुढे जाणं. मग कडा गुळगुळीत व्हायला लागल्या. टोकं मागे गेली. काही मिनिटांत समोर नुसते गोल मणी होते. मेल्या नव्हत्या, कारण आत कण हलत होते. पण पेशीला स्वतःचा असा आकार उरला नव्हता. अ‍ॅक्टिनला पेशीचा सांगाडा म्हणतात ते मला तेव्हापासून थोडं खटकतं. सांगाडा काढून घेतलेलं शरीर पडून राहतं. इथे पेशीनं हट्टच सोडून दिल्यासारखं वाटलं.

कंट्रोलसाठी तेवढाच डीएमएसओ, औषध न घालता. हा नियम मी पाळला आणि तेवढं बरं झालं, कारण डीएमएसओ काही गरीब गाय नाही. दहा टक्क्यांपर्यंत वाढवलं तर याच डिक्टीच्या केंद्रकात अ‍ॅक्टिनच्या जाड जुड्या तयार होतात. आमचं प्रमाण ०.१ टक्का होतं, तिथे कंट्रोलच्या पेशी खुशाल चालत होत्या.

मीटिंगनंतर ताईनं मला बाजूला घेतलं. ताई म्हणजे लॅबमधली सर्वांत सीनियर, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. "अगं, ट्रायपॅन ब्लू घातलं होतंस का?" मी म्हटलं, "ते तर मेलेल्या पेशी ओळखायला वापरतात ना?" तिनं कपाळावर हात मारला नाही, एवढी ती सभ्य आहे.

युक्ती अशी. यीस्टला आपण लाल चमकणारा रंग लावलेला असतो. ट्रायपॅन ब्लू जिवंत पेशीत शिरत नाही, पण बाहेर असलेल्या यीस्टला चिकटतं आणि त्याची चमक मारून टाकतं. जे यीस्ट खरोखर आत गेलंय त्याच्यापर्यंत निळा रंग पोचत नाही, ते लालच राहतं. धुवायची, खरवडायची गरज नाही. बाहेरचे दिवे विझतात, आतले चालू राहतात.

सगळा प्रयोग पुन्हा केला. तीच फ्लास्क, तेच प्रमाण, दर पंधरा मिनिटांनी नमुना, फक्त मोजायच्या आधी ट्रायपॅन ब्लू. साध्या पेशींत लाल ठिपके उरले. लॅट्रंक्युलिन दिलेल्या पेशींत दृष्टिक्षेत्रच अंधारलं. इथेतिथे एखादा ठिपका, तोही बहुधा औषध घालायच्या आधी गिळलेला. महिनाभराचा माझा देखणा स्तंभ जमिनीला टेकला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

चिकटायला अ‍ॅक्टिन लागत नाही. पेशीच्या पटलावरची ग्राही प्रथिनं यीस्टला धरतात तेवढ्यानं ते चिकटतं. आत घ्यायला मात्र लागतं. अर्थात 'आत घेणं' म्हणजे सगळंच अ‍ॅक्टिनच्या जिवावर चालतं असंही नाही. क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या जाळीतून होणाऱ्या, शंभरेक नॅनोमीटरच्या बारीक खळग्यांचं काम आपल्यासारख्या प्राण्यांच्या पेशींत पुष्कळदा अ‍ॅक्टिनवाचून निभतं. पटल ताणलेलं असेल तर मात्र त्यालाही अ‍ॅक्टिनची मदत घ्यावी लागते. जिवंत यीस्टमध्ये ती नेहमीच लागते, कारण त्याच्या आतला दाब एवढा असतो की पटल आत खेचायला चांगलाच जोर हवा. पाच मायक्रोमीटरचा घास ही वेगळीच गोष्ट आहे. त्याला नुसता खळगा पुरत नाही, पटलाला उठून त्याच्याभोवती चढावं लागतं.

ते चढणं मला प्रत्यक्ष बघायचं होतं. त्यासाठी वेगळ्या पेशी मिळाल्या, ज्यांत लिम-ई नावाच्या प्रथिनाचा तुकडा हिरवं चमकणाऱ्या जीएफपी या प्रथिनाला जोडलेला होता. तो तंतूंना चिकटतो, सुट्या रेणूंना नाही. म्हणजे जिथे झुडूप तिथे हिरवं. आणि यीस्ट लाल.

पहिले दोन आठवडे वाया गेले. माध्यमच निळ्या प्रकाशात चमकायचं, त्या धुक्यात काही दिसेना. म्हणून पेशी साध्या फॉस्फेट बफरमध्ये आणल्या. मग मी हावरटासारखे सेकंदाला एक चित्र घेत बसले आणि पेशी दहा मिनिटांत आकसून गोल झाल्या. मला वाटलं, आधीच्या प्रयोगातलं लॅट्रंक्युलिन बशीला राहिलं असेल. दोन दिवस बश्या धूत होते. शेवटी लेझर बंद ठेवून तशाच बसवलेल्या पेशी पाहिल्या, तर त्या मजेत फिरत होत्या. निळा प्रकाश त्यांना भाजत होता. लेझर अगदी कमी केला, पाच सेकंदांनी एक चित्र. चित्रं दाणेदार आली पण पेशी राहिल्या.

तिसरी चूक मात्र मला अजून आवडते. एके दिवशी सूक्ष्मदर्शकाची वेळ दुपारी मिळाली होती, ती पुढे ढकलली गेली, आणि सकाळी बफरमध्ये आणलेल्या पेशी सहा-सात तास तशाच राहिल्या. बघते तर वेगळाच प्राणी. आधी या पेशी पसरट, आळशी, अंगभर वाट्या उघडझाप करणाऱ्या. अंगावरच्या या वाट्यांत सापडणाऱ्या एका प्रथिनाला १९९१ मध्ये शोधणाऱ्यांनी कोरोनिन नाव दिलं, कारण त्या मुकुटासारख्या दिसतात. (विषाणूचं नावही त्याच मुकुटावरून, त्याचा या प्रथिनाशी संबंध नाही. हे मला घरी तीनदा सांगावं लागलं.) आता मुकुट दिसेनात. पेशी लांबुडक्या झालेल्या, पुढे एकच टोक, मागे बारीक शेपूट, आणि सगळ्या एका दिशेनं चाललेल्या. एकीच्या शेपटीला दुसरीचं डोकं, अशा मुंग्यांसारख्या रांगा. समोर यीस्ट पडलेलं, त्याला वळसा घालून जात होत्या.

उपाशी राहिलं की डिक्टी हेच करते. कोणीतरी सायक्लिक एएमपी हा इशारा देणारा रेणू सोडतं, साधारण सहा-सहा मिनिटांनी त्याची लाट येते, आणि लाखभर पेशी एका जागी गोळा होऊन देठ आणि बीजाणू बनवतात. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोर बघताना डोक्यात पहिल्यांदा नीट बसलं की तेच अ‍ॅक्टिन, तेच आर्प२/३, सकाळी मुकुट करत होतं आणि संध्याकाळी टोक करत होतं. मी पिण्याचा प्रयोगही करून पाहिला, चमकणारं डेक्स्ट्रान माध्यमात घालून. सकाळच्या पेशी त्यानं भरून जायच्या, सात तासांच्या उपाशी पेशी जवळपास कोऱ्या. भूक जास्त झाली म्हणून खाणं वाढलं नाही. खाणं बंद करून चालणं सुरू झालं.

मॅडमना मी हे उत्साहानं सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "छान. पण हे तासांच्या हिशेबातलं आहे, जनुकं बदललीत. तुझा प्रश्न मिनिटांचा आहे." बरोबर होतं. त्यानंतर मी बफरमध्ये आणल्यापासून तासाभरात चित्रं संपवायची असा नियम केला.

तो दिवस आला तेव्हा मी बावीसावी की तेविसावी फिल्म घेत होते. त्या बशीत यीस्टचा एक दाणा होता, ज्याला मारण्याआधी कळी फुटलेली होती. मोठा गोल, लहान गोल, मध्ये बारीक मान. डमरूसारखा. एक पेशी रमतगमत आली, तिचं पुढचं टोक मोठ्या गोलाला लागलं, आणि त्या जागी हिरवी कड पेटली. कडेचं वर्तुळ झालं आणि गोलाच्या अंगावरून चढायला लागलं. पाठ्यपुस्तकात याला झिपची उपमा देतात: सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की भक्षकपेशी घासाच्या पृष्ठभागावर ग्राही प्रथिनांची एकेक पकड लावतच पुढे सरकू शकते, अर्ध्या भागाला पकड नसेल तर अर्ध्यावर थांबते. समोर अगदी तसंच. घाई नाही, एका लयीत. आणि तेवढा वेळ पेशीची दुसरी बाजू गुळगुळीत, अंधारी. तिकडे एकही छद्मपाद नाही. पेशी उभी होती.

वर्तुळ मानेपाशी आलं आणि थांबलं.

मानेपाशी पृष्ठभाग उलटा वळतो. बाहेर फुगलेल्या गोलावर चढणाऱ्या कडेला अचानक आत वळायचं असतं. पेशीच्या हे लक्षात कसं येतं कोण जाणे, पण ती तिथे घुटमळली. हिरवी कड जाड झाली, बारीक झाली, पुन्हा जाड झाली. मी चित्रांमधला वेळ कमी करायचा मोह आवरून बसले. दोन मिनिटं. तीन मिनिटं. मोठा गोल पेशीच्या आत, लहान गोल बाहेर. मग कड विझत गेली, पडदा उतरला, मोठा गोल हळूहळू उघडा पडला, आणि पेशीच्या पलीकडच्या, इतका वेळ अंधारात असलेल्या बाजूला एक हिरवा ठिपका उमटला. त्याचा फुगवटा झाला. पेशी तिकडे चालायला लागली. यीस्ट जिथल्या तिथे.

पुढच्या काही दिवसांत मी डमरूच शोधत होते. सगळ्याच पेशी सोडून देत नाहीत. काही मानेपाशी थांबून मग दुसऱ्या गोलावर चढतात आणि पूर्ण गिळतात, आणि पूर्ण गिळलं की मिनिटाभरात घासाभोवतीचं हिरवं वलय विरून जातं. पेशीशास्त्रज्ञ गेरिश आणि सहकाऱ्यांनी डिक्टीचं हे मानेपाशी अडखळणं २०१० मध्ये तपशिलात मांडलं होतं, त्यामुळे मी काही नवं शोधलं अशातला भाग नाही. पण मी फिल्मच्या खाली दोन रेघा आखल्या: एक घासाभोवतीच्या हिरव्याची, एक बाकीच्या कडेवरच्या हिरव्याची. पहिली वर गेली की दुसरी खाली. पहिली पडली की काही सेकंदांत दुसरी उठते. मला हवं असलेलं उत्तर त्या दोन रेघांत होतं, आणि मॅडमनी पहिल्यांदा "पुन्हा कर" असं न म्हणता "अजून वीस पेशी कर" असं म्हटलं.

मधल्या फॅलॉइडिनच्या आठवड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हे विष डेथ कॅप या जीवघेण्या अळिंबीतलं. तंतूंना घट्ट धरतं, म्हणून रंग लावून वापरतात. जिवंत पेशीत शिरत नाही, त्यामुळे पेशी आधी फॉर्मल्डिहाइडनं स्थिर करून घ्यायच्या. माझ्या अर्ध्या पेशी धुताना वाहून गेल्या. उरलेल्यांत वाट्या सुरेख दिसल्या. थिजलेल्या वाट्या. फिल्म पाहिल्यावर त्यांत मन रमेना.

शेवटचा प्रयोग ताईनं सुचवला. "मोडलंस ना? आता जोडून बघ." म्हणजे लॅट्रंक्युलिन देऊन पेशी गोल करायच्या, मग औषध धुऊन काढायचं आणि परत येताना बघायचं. यीस्ट घालायचं नाही. कॅमेरा पेशीच्या तळाशी, काचेला टेकलेल्या पृष्ठभागावर रोखायचा.

धुतल्यावर बराच वेळ काहीच नाही. मग तळावर हिरवी टिंबं दिसली, विझली, पुन्हा दिसली. काही टिंबं जागा बदलत होती. टिंबं दाटली, एकात एक मिसळली, आणि त्यांतून एक कमान तयार झाली. कमान पसरत पेशीच्या कडेपर्यंत गेली, कडेला थोडा वेळ तेवत राहिली, विझली. मागून दुसरी. पेशी अजून धड चालत नव्हती. खायला काही नव्हतं. तरी तळावर लाटांमागून लाटा.

मी ताईला हाक मारली. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, तोवर मॅडमही हातात डबा घेऊन आल्या होत्या. बराच वेळ तिघी काही बोललो नाही. मी विचारलं, "मॅडम, ही चालायचा प्रयत्न करतेय का?"

"या लाटांकडे सपाट झालेली वाटी म्हणून बघ," त्या म्हणाल्या. "गेरिशच्या गटानं तसं सुचवलंय. लाटेच्या आतल्या भागात पटलाची जी रसायनं असतात तीच भक्षणाच्या वाटीतही असतात. घास नाही, म्हणून वाटीला वर वळायला काही मिळत नाही. मग ती पसरत जाते."

"पण गिळायला आहे काय तिथे?"

ताईनं पडद्यावर बोट ठेवलं. "काच आहे की. काचेलाच चिकटलीय ना ती."

पहिल्या महिन्यात मी चिकटलेलं सगळं खाल्लेलं म्हणून मोजलं होतं. पडद्यावर पुढची कमान काचेवर पसरत चालली होती, कड शोधत, आणि काचेला कड नव्हती. मी रेकॉर्डिंग अजून अर्ध्या तासानं वाढवलं.